अठरा वरवंट्यांतला आमचा कोणता?

सकाळी सातला पुण्यातून गाडी काढली. दुपारी चारला राहात्याला भावाच्या मुलीचं बारसं होतं, नऊ वर्षांनी घरात पाळणा हलणार होता. आदल्या दिवशी आईने फोनवर बजावलं, "सुमे, वरवंटा इसरू नको." मी हो म्हटलं. वरवंटा माझ्याकडे नव्हता.

माझं खूळ तुम्हाला ठाऊकच आहे. जुन्या बाजारातून मोडकंतोडकं उचलायचं आणि घर सजवायचं. गेल्या वर्षी माहेरची फरशी बदलताना आईने पाटा-वरवंटा माझ्याकडे सांभाळायला दिला. मी शहाणीने तो काष्टीच्या बाजारात जुन्या वस्तू विकणाऱ्या बाळूतात्यांना दिला आणि बदल्यात सागवानी खिडकीची चौकट आणून तिचा आरसा केला. बारशाला आमच्यात आधी वरवंट्याला न्हाऊ घालतात, कुंची घालतात, बाळाच्या आधी पाळण्यात ठेवतात. पोर दगडासारखं टणक व्हावं म्हणून. मी आणि भाऊ त्याच वरवंट्यामागून पाळण्यात गेलो. चौकट उचलताना यातलं काहीही आठवलं नाही.

पुण्याहून दौंडमार्गे काष्टी गाठायला अडीच तास लागले. जाणार असाल तर बाजाराच्या दिवशी लवकर पोहोचा, नंतर जनावरांच्या टेम्पोंमुळे गाडी लावायला जागा मिळत नाही. बाळूतात्यांची पत्र्याची शेड बाजाराच्या टोकाला आहे. जुने कंदील, दरवाजे, पितळी डबे असं पुष्कळ सापडतं. भाव करा, पण चहाला नाही म्हणू नका. मी त्या दिवशी चहालाही नाही म्हटलं.

तात्या म्हणाले, पाटे सगळे गेले, एका फार्महाऊसवाल्याने बागेतल्या पायवाटेला घातले. वरवंटे मात्र मागे पडून आहेत. जीव भांड्यात पडला. मागे गेले तर भिंतीलगत ढीग. मोजले, अठरा. सगळे काळे, सगळे गुळगुळीत.

"वळखा की ताई, घरचाच हाय ना?" तात्या सहज बोलून गेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लहानपणी याच दगडाखाली आईने वाटलेली चटणी खाल्ली, पण वरवंटा हातात कधी घेतलाच नव्हता. एकेक उचलून बघितला. शेवटी एका टोकाला झिजलेला निवडला, उगाच ओळखीचा वाटला म्हणून. तात्यांनी पैसे घेतले नाहीत.

पुढे नगर, राहुरी, कोल्हार. उसाच्या ट्रॅक्टरमागे गाडी गोगलगायीसारखी सरकत होती आणि भावाचे फोनवर फोन. कोल्हारच्या पुढे पेरूवाले बसतात, मीठ-तिखट लावून देतात. एरवी मी दोन किलो घेते. या वेळी काचही खाली केली नाही. सीटवरच्या दगडाकडे बघत मनातल्या मनात घोकत होते, तूच आमचा, तूच आमचा.

पोहोचले तेव्हा साडेतीन वाजले होते. बायका जमल्या होत्या. आईने वरवंटा घेतला, पाणी घातलं, तेल लावायला लागली. दोनदा हात फिरवला आणि थांबली.

"हा आपला न्हाई," ती एवढ्या हळू म्हणाली की मलाच ऐकू आलं.

मी सगळं सांगून टाकलं, तिथेच, न्हाणीच्या दगडाशी. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने खाली बघत पुन्हा तेल घेतलं.

"ह्याच्यामागनं बी कुणाची तरी लेकरं पाळण्यात गेली असतील," म्हणाली आणि त्याला कुंची घातली. पाळण्यात आधी तो ठेवला, मग पोर. नाव ठेवलं, घुगऱ्या वाटल्या. भावाला अजून माहीत नाही.

निघताना मी सवयीने वरवंट्याला हात घातला. आईने तो माझ्या हातातून काढून घेतला.

"हा इथंच ऱ्हाऊ दे. तुझ्याकडं वस्तू सजत्यात, सुमे. ऱ्हात न्हाईत."

घरी येऊन तीन आठवडे झाले. जमलं तर आईला काष्टीला न्यायचं आहे, त्या ढिगातला आमचा कोणता ते तिच्या हातांना कळेल. अजून विचारायचा धीर झालेला नाही. हॉलमध्ये तो आरसा आहे. कुठून आणला, केवढ्याला पडला, असं तुम्ही सगळे सतत विचारता. काष्टीहून आणला. केवढ्याला पडला, ते आता सांगितलं.