परसरामची चार दिवसांची ड्यूटी

आमच्या यायचं, म्हंजे नवऱ्याचं, नाव डोमा. चौतीस वर्षं जवाहरनगरच्या लष्करी फॅक्टरीत नोकरी केली, पण आत काय बनते हे मले आजवर सांगितलं नाही. विचारलं का उत्तर ठरलेलं, "गोपनीय आहे." अजी, पण भाजीत मीठ कमी झालं का जास्त, हेही गोपनीय? तेवढं सांगाले तुमचं काय जाते!

रिटायर झाले अन् यायले प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. नागपूरच्या एका दवाखान्यात नवी गोळी लागू पडते का नाही, याचा अभ्यास सुरू होता. त्यात नाव लागलं. अट एकच, रोज वही भराची: रात्री लघवीले किती वेळा उठलो, दुखलं किती, रक्त दिसलं का. वहीवर छापलं होतं, 'गोपनीय'. झालं! वही गेली कुलपात. बायकोले दिसू देतील तर शप्पथ.

मे महिन्यात बपेरा गावी भाचीचं लग्न निघालं. मी म्हटलं, वही बॅगेत टाका. हे चमकलेच. "गोपनीय कागद बाहेर नेत नसतात!" अन् गेले शेजारच्या परसरामकडे. तो फॅक्टरीत यायचा रिलीव्हर होता. यायची पाळी संपली का मशीनवर तो उभा. त्याच्या हातात किल्ली दिली. "चार दिवस ड्यूटी तुझी. एकही रकाना रिकामा ठेवू नको." मले वाटलं, वही सांभाळाले दिली.

बपेऱ्यात हे डीजेपुढं नाचले, अन् रात्री उठले एकदाच. मी तर हरखून गेली. गोळी लागू पडून राहिली ना बाप्पा!

मंग नागपूरले गेलो. प्रतिक्षा नावाची पोरगी तिथं वह्या तपासे. पानं उलटता उलटता तिचा चेहराच उतरला. तिनं डॉक्टरले बोलावलं. त्यायनं वही पाहून विचारलं,

"काका, चार रात्री नऊ-नऊ वेळा उठलात? रक्तही गेलं? मग ही गोळी थांबवायचा विचार करावा लागेल."

गोळी बंद झाली तर उरलं काय?

"खोटं आहे जी!" मी ओरडली. "बपेऱ्यात हे एकदाच उठत होते, मी सोबत होती ना!"

हे म्हणाले, "साहेब, ते आकडे माझे नाहीत. मी रजेवर होतो. रिलीव्हरचे आहेत."

अवं माय! यायनं लघवीलेही बदली माणूस ठेवला! मी खालीच बसली हसत. प्रतिक्षानं फायलीत तोंड लपवलं. डॉक्टर डोळे पुसत म्हणाले, ती चार पानं बाद, तसं कारण लिहू. रक्ताचा रिपोर्ट चांगला आहे, गोळी चालू राहील. मी हातच जोडले.

अन् डॉक्टर हसता हसता थांबले. "हे रिलीव्हर कुठे आहेत?"

परसराम सोबतच आला होता; बाहेर बाकावर बसला होता, आमचा डबा सांभाळत. आत येऊन ताठ उभा राहिला.

"रक्त कधीपासून जातंय?"

"पाच महिने झाले जी."

मी भडकली. "पाच महिने! भाऊजी, काहून नाही सांगितलं कोणाले?"

"लाज वाटे, वहिनी." त्यानं मान खाली घातली. "पण ड्यूटीच्या वहीत खोटं कसं लिहू?"

पुढं त्याच्या मूत्राशयात गाठ निघाली, बोराएवढी. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आला. मी दोघायलेही शिव्या घालत होती, रडत होती, अन् हसू काही केल्या थांबत नव्हतं.