चढावरची तीनचाकी

चिकपेटेच्या बाजारात तीनचाकी सायकलवरून कापडाचे गठ्ठे वाहणारा तो माणूस मी मोटारीतून रोज पाहत असे. खरे म्हणजे त्याच्या पाठीमागे हॉर्न वाजवत असे. नोकरी सुटल्यावर मोटार विकून मी तशीच तीनचाकी घेतली. पोलिओने पाय गेलेल्या माझ्या मुलीला शाळेत पोचवण्याचा दुसरा मार्ग उरला नव्हता.

पहिल्याच दिवशी चढावर पुढचे चाक उचलले गेले आणि मुलगी किंचाळली. कोणीतरी धावत येऊन हँडल दाबून धरले. तोच होता.

“मोटार कुठं ठेवली, अण्णा? तिचा हॉर्न अजून कानात आहे माझ्या,” तो हसत म्हणाला. मी मान खाली घातली. “मोटारीतल्यासारखं पोरीला पार मागं बसवलंय होय? स्वल्प, थोडं पुढं घ्या. वजन चालवणाऱ्याच्या पाठीशी असलं, की चाक उचलत नाही.”

त्याने आपल्या गठ्ठ्याची दोरी सोडून तिला माझ्या पाठीला पाठ लावून नीट बांधून बसवले, आणि माथ्यापर्यंत आम्हांला ढकलत आला.

मुलीची शाळा बुडाली नाही. त्या माणसाचे हे उपकार मी विसरलेलो नाही. पाठीला पाठ टेकून ती रोज वर्गातल्या गोष्टी सांगू लागली. मोटारीत ती गप्प बसते, असे मी वर्षानुवर्षे समजत होतो. बहुधा मीच ऐकत नव्हतो.