नवऱ्याची डबी

बोमेतच्या बाजारात टाबुतानीइतकी फटकळ बाई दुसरी नव्हती. वाळक्या भोपळ्याच्या भांड्यातलं मुरसिक, आमचं धुरी दिलेलं आंबट दूध, विकताना ती गिऱ्हाइकालाच चार शब्द सुनावायची. मी तिची धाकटी जाऊ.

गेल्या वर्षी तिच्या पोटात आग पडू लागली. तिच्या थोरल्या बहिणीचंही असंच सुरू झालं होतं, आणि ती पोटाच्या कॅन्सरनं गेली. एकदा टाबुतानीनं मला गोठ्यामागे ओढलं.

"शी डांबरासारखी काळी होतेय गं," ती कुजबुजली. "कुणाकडे बोललीस तर बघ!"

मीच तिला दवाखान्यात नेलं. तिथे तिनं फक्त जळजळीचं सांगितलं. काळ्या रंगाचं नाव काढेना, आणि माझ्याकडे असं बघितलं की मीही गप्प बसले.

"पोटात जंतू असतील. शी तपासू," म्हणत डॉक्टरीणबाईंनी डबी दिली.

सकाळी टाबुतानीनं डबी नेऊन दिली. निकाल आला: जंतू आहेत.  तिनं मला ओढत बाहेरच्या बाकाकडे नेलं.

"ती माझी नव्हती," ती म्हणाली. "कोस्केची होती."

"काय! भाओजींची? त्यांना काय सांगून घेतलीस?"

मला हसू फुटलं. तिनं माझ्या तोंडावर हात दाबला. "त्याला दगड पचतात गं. त्याच्यात जंतू निघाले, तर माझ्यात काय निघेल?"

मी तिला तशीच आत नेलं आणि डबीचं नि काळ्या शीचंही सांगून टाकलं. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. "हे जंतू पुष्कळांच्या पोटात असतात, त्रास सगळ्यांना होत नाही. पण काळी शी म्हणजे आत रक्त जातंय. आता तोंडातून नळी घालून बघायलाच हवं."

नळीचं ऐकताच ती उठून फाटकाकडे निघाली. मी तिला गाठलं.

"ताईलाही नळी घातली होती," ती रडत म्हणाली. "घरी आली ती मरायलाच."

"तिनं फार उशीर केला होता, वहिनी. तू करू नकोस."

नळी घालताना तिनं माझं मनगट असं आवळलं, की नखं रुतली. आत जखम दिसली. डॉक्टरीणबाईंनी जखमेचा बारीकसा तुकडा तपासायला पाठवला. निकाल येईपर्यंत ती पोरांकडे बघायची आणि तोंड फिरवायची. 

कॅन्सर नव्हता. जंतूंनी केलेला अल्सर होता. ऐकून ती भिंतीला टेकून खाली बसली, कितीतरी वेळ उठेचना.

नवराबायको दोघांनीही गोळ्या घेतल्या. पुढच्या तपासणीला तिनं स्वतःचीच शी दिली. त्यात जंतू नव्हते.

तरी आजही जेवताना पोटात जराशी कळ आली, की तिचा घास हातातच थांबतो.