रंगारीणबाई आणि आठ उंदीर

माझी धाकटी नणंद एका संशोधन संस्थेत प्रतिपिंडांना रंग लावते. प्रतिपिंड म्हणजे शरीरातला पहारेकरी. प्रत्येकाला आपला एकच शत्रू ओळखता येतो. त्याला चमकणारा रंग चिकटवून उंदराला टोचायचं आणि खास कॅमेऱ्याखाली निजवायचं, की आतली कर्करोगाची गाठ न कापता दिसते. तोच उंदीर पुन्हा पुन्हा तपासता येतो, म्हणून थोड्या उंदरांत काम भागतं. उंदीर कमी लागतात, एवढ्यासाठीच तिने हे काम धरलं. संस्थेत तिला सगळे रंगारीणबाई म्हणतात.

खरं कसब न चिकटलेला, सुटा रंग काढण्यात असतं; तो राहिला तर अंगभर पसरतो आणि गाठ सोडून सगळंच उजळतं. सच्छिद्र मण्यांनी भरलेल्या नळीतून ती मिश्रण सोडते. "शाळा सुटल्यावर कसं, वहिनी," तिने मला एकदा समजावलं, "मोठी मुलं तडक घरी जातात, छोटी प्रत्येक कोपऱ्यात डोकावत रेंगाळतात. प्रतिपिंड मोठे, ते आधी बाहेर. सुटा रंग बारीक, तो मण्यामण्यांत शिरत मागे राहतो."

गेल्या वर्षी आठ उंदरांच्या चित्रांत गाठी दिसेनात. पोटंच्या पोटं उजळलेली. विभागाचे साहेब तापले.

"सुटा रंग धुतलाच नाहीत तुम्ही."

"धुतला, साहेब. दोनदा."

"मग हा काय आभाळातून पडला?"

आठही उंदीर मारायचे, नव्याने सुरुवात करायची, आणि रंगाचं काम बाहेरच्या कंपनीला द्यायचं, असं त्यांनी ठरवलं. म्हणजे हिची नोकरी गेल्यात जमा.

त्या दिवशी ती जेवली नाही. "माझाच हात चुकला असेल का गं?" एवढंच विचारत राहिली. पहिल्या वर्षी ती एकदा चुकली होती. जास्त रंग म्हणजे जास्त चमक, असं समजून तिने तिप्पट रंग घातला, आणि डोळ्यांवर टोपी ओढलेल्या पोरासारखे ते प्रतिपिंड भलतीकडेच गेले. तेव्हापासून काही बिघडलं की ती आधी स्वतःलाच धरते.

दुसऱ्या सकाळी ती तळघरातल्या प्राणिगृहात गेली, त्या आठांना बघायला. वीस वर्षं पिंजरे धुणारे मामा तिथे करवादत होते.

"हा नवा खुराक बघा, बाई! सहा आठवडे झाले, नुसता पाला दळून घातलाय. लेंड्यासुद्धा हिरव्या! वहीत लिहून ठेवलंय मी, पण वाचतो कोण?"

ती जागच्या जागी थांबली. पानांतला हिरवा रंग त्या कॅमेऱ्याच्या प्रकाशात आपसूक चमकतो, हे तिला ठाऊक होतं. उंदरांच्या पोटात पान आहे, हे मात्र ठाऊक नव्हतं. तिने खुराकाची एक गोळी खिशात टाकली आणि थेट साहेबांसमोर उभी राहिली.

"काहीच न टोचलेला एक उंदीर कॅमेऱ्याखाली ठेवू या."

"वेळ कुठे आहे, बाई?"

"पाच मिनिटं. नाही उजळला तर राजीनामा माझ्याच हाताने लिहिते."

उजळला. मग तिने खिशातली गोळी ठेवली. तीही लखलखली.

साहेब पडद्याकडून तिच्याकडे वळले. "उगाच बोललो मी तुम्हाला," ते म्हणाले.

पाल्याचा खुराक बंद झाला. दहा दिवसांनी तिने ताजा रंग लावून दिला. या वेळी पोटं काळोखी राहिली आणि प्रत्येकाच्या खांद्यापाशी मटाराएवढी गाठ तेवढी चमकली. आठही उंदीर वाचले, आणि काम तिच्याकडेच राहिलं.

खुराकाचं मामांकडून कळलं, हे तिने सांगितल्यावर साहेब त्यांचे आभार मानायला पहिल्यांदाच तळघरात उतरले. "थांबा, बाहेरची धूळ नको आत, आधी पायांत पिशव्या घाला," मामांनी दारातच अडवलं. साहेबांनी निमूट घातल्या.

"मामा, फार उपकार झाले तुमचे."

"उपकार कसले? तुम्ही त्यांचं पोट बघता, मी तोंड बघतो."

त्या संध्याकाळी नणंद दोनदा वाढून घेत म्हणाली, "वहिनी, इतकी वर्षं मी तो जिना उतरून मामांना कधी काही विचारलंच नव्हतं गं." आता रंग कालवण्याआधी ती खाली जाते. मामा वही उघडून वाचून दाखवतात, ती उभ्याने ऐकते, आणि मगच बाटलीचं झाकण काढते.