चिकटवलेल्या जुड्या

जोगदंडबाईंच्या डाव्या मनगटात दोन काचेच्या बांगड्या आणि त्यांच्यामागे थेट कोपरापर्यंत रबरबँड असत. फुलवाल्याच्या पुडीचे, मिठाईच्या खोक्याचे, दिसेल तिथून उचललेले. मी पुण्याहून नवऱ्याच्या बदलीमुळे हैदराबादला आले आणि बरकतपुऱ्यातल्या एका शाळेत प्राथमिकची प्रमुख झाले. पहिल्याच दिवशी ते रबर बघून मला वाटलं, बाईंना जरा नीटनेटकं राहायला सांगायला हवं.

बाई दुसरीला गणित शिकवत. खराट्याच्या काड्या कापून त्यांनी एक पत्र्याचा डबा भरून ठेवला होता. मुलांनी दहा काड्या मोजायच्या, बाईंच्या हातावरचा रबर मागून घ्यायचा आणि जुडी बांधायची. वजाबाकीत सुट्या काड्या कमी पडल्या की रबर काढून जुडी मोडायची. बांधलेली जुडी बाई कुणाला आयती देत नसत. कुणी घाई केली तर म्हणत, "हल्लू रे, हल्लू. दहा कुठं पळून जात नाहीत, नुसते सुटतात." चुकलं तर तेलुगूत "पर्वालेदु" म्हणून, काही बिघडलं नाही अशा थाटात, डबा पुन्हा पुढे सरकवत.

आणि मी काय केलं? पालक आणि संस्थेची मंडळी वर्ग बघायला येणार होती. वाकड्या काड्या, रंगीबेरंगी रबर, मला ते दळभद्री वाटलं. आदल्या दुपारी बाई लवकर घरी गेल्या होत्या. मी मुलांनी बांधलेल्या तीस जुड्या गोंदाने पक्क्या चिकटवल्या, रबर काढून फेकले आणि वरून लाल रंग दिला. टेबलावर मांडल्यावर काय सुरेख दिसत होत्या!

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांपुढे अंबिका उठली. बत्तीसातून पंधरा. तिने तीन लाल जुड्या आणि दोन काड्या मांडल्या. पाच काढायला एक जुडी उचलली आणि रबर शोधू लागली. फिरवली, ओढली, शेवटी दातात धरली. मागे कुणीतरी हसलं. तिचे डोळे भरून आले आणि मी, सगळं समजून, पाहुण्यांना म्हणाले, "ही जरा कच्ची आहे गणितात."

बाईंनी जुडी हातात घेतली, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "चूक माझी आहे. माझी तयारी कमी पडली." मी पाहुण्यांना पुढच्या वर्गाकडे घेऊन गेले. पुढच्या महिन्यात संस्थेने बाईंकडून दुसरीचा वर्ग काढून घेतला. तसं पत्र मीच टाइप केलं होतं. वर्ष संपताच बाईंनी नोकरी सोडली.

दोन वर्षं मी स्वतःला काय काय सांगितलं, ते इथे लिहायलाही लाज वाटते. शेवटी गेल्या महिन्यात मलकपेठेत त्यांच्या घरी गेले. चहा पुढे ठेवून त्या शांतपणे म्हणाल्या, "मला माहीत होतं, मॅडम. तुमच्या नखांत लाल रंग होता की त्या दिवशी."

"मग बोलला का नाहीत?"

"पोरगी रडत होती. आधी तिला बघू का तुम्हाला?" मग आत जाऊन त्यांनी एक लाल जुडी आणली. "कोमट पाण्यात घालून बघितल्या. दोन सुटल्या, बाकीच्यांच्या काड्याच मोडल्या. ही एक राहिली." मी माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाल्या, "नक्को. मला कायकू सांगता? तिला सांगा जाऊन."

अंबिका आता चौथीत आहे. मधल्या सुट्टीत तिला व्हरांड्यात बोलावलं आणि बाईंकडून आणलेली जुडी दिली. तिची बोटं अजूनही आधी रबरच शोधू लागली. ही मी चिकटवली होती, तुझं काही चुकलं नव्हतं, असं मी तिला सांगितलं.

"मला वाटलं, सगळ्यांना येतं, मलाच येत नाही," ती म्हणाली. मग मान वर करून विचारलं, "मॅडम, हे सगळ्यांसमोर सांगाल?"

मी हो म्हणाले. त्याला आज आठ दिवस झाले. रोज सकाळी प्रार्थना संपली की चौथीच्या रांगेतून ती माझ्याकडे बघते, आणि मी मुलांना वर्गात जायला सांगते.