नऊ प्रश्नांचा कागद

मास्तर म्हणून बत्तीस वर्षं मी दुसऱ्यांना मार्क दिले. निवृत्त झालो आणि लोणावळ्याच्या मानसोपचार डॉक्टरांकडे स्वतःचेच मार्क मांडायची वेळ आली. झोप उडाली होती, जेवण जात नव्हतं, कशातच मन लागत नव्हतं. दर महिन्याला डॉक्टरांना भेटण्याआधी बाहेरच्या बाकावर बसून एक कागद भरायचा. त्यात नऊ प्रश्न. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती दिवस झाला? अजिबात नाही म्हणजे शून्य, काही दिवस म्हणजे एक, जवळजवळ रोज म्हणजे तीन. इथे जितके मार्क कमी तितका माणूस बरा.

पहिल्या खेपेला मी खरं लिहिलं. एकोणीस आले. पुढच्या खेपेला पंधरा, तेही खरेच. ते ऐकून बायकोचा चेहरा असा खुलला की घरी येईपर्यंत तिचं तोंड थांबेना, आणि संध्याकाळी तिने शिरा केला. तिथेच मी बिघडलो. त्यानंतर मार्क मी ठरवून खाली आणले. बारा, नऊ, सात. एकदम नाही आणले. तपासणीच्या साहेबाला संशय न येऊ देता कच्च्या मुलाला वर कसं ढकलायचं, हे मला कोणी शिकवायला नको. डॉक्टर म्हणाले, "छान. पुढच्या वेळी पाचच्या खाली आलात तर गोळ्या कमी करू." मला त्या गोळ्यांची किती गरज होती ते माझं मलाच ठाऊक. पण आता माघार कोणत्या तोंडाने घ्यायची?

पुढच्या वेळी मी चष्मा घरी विसरलो. बायकोने माझ्या हातातून कागद घेतला.

"आना हिकडं, मी वाचते."

ती पेपरसुद्धा अख्ख्या आळीला ऐकू जाईल असा वाचते. बाकावरच्या लोकांनी माना वळवल्या. मी वैतागून पटापट सांगत गेलो. अजिबात नाही, अजिबात नाही, काही दिवस.

नववा प्रश्न वाचताना मात्र तिचा आवाज आपोआप उतरला. आपण नसलो तर बरं, असे विचार मनात येतात का?

"ह्ये तर न्हाईच," असं म्हणत तिने पेन शून्यावर नेलं.

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. आजवर कागदाशी खोटं बोलताना मला काही वाटलं नव्हतं. तिच्याशी जमेना.

"थांब," मी म्हणालो. "काही दिवस."

पेन तिथेच राहिलं. "कुटल्या दिवशी?"

"परवा. तू रानात गेली होतीस तेव्हा."

तिने कागदावरून मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मला तिची भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर फार हलकंही वाटलं. मग तिने वरच्या आठही खुणा खोडल्या.

"पयल्यापासनं इचारते," ती हळू आवाजात म्हणाली. "आता खरं सांगा."

सतरा आले. आत जाऊन मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. त्यांनी गोळी बदलून दिली आणि महिन्याऐवजी आठवड्याने बोलावलं.

परतीच्या जीपमध्ये ओळखीची माणसं दाटीने बसली होती. लग्नाला अडतीस वर्षं झाली, तरी चारचौघांत ती माझ्यापासून हातभर अंतर राखून बसते. त्या दिवशी तिने माझा हात धरला आणि आमचं पवनानगर येईपर्यंत सोडला नाही.