साडेचारशे वॅटचा स्टिकर

गेलेल्या आईचे वाळवी लागलेले फोटो मी स्कॅन करून कॉम्प्युटरमध्ये ठेवले, अल्बम फेकला आणि त्याच कॉम्प्युटरला बाजारातला सर्वांत स्वस्त पॉवर सप्लाय बसवायला लावला.

आमच्या सेलूचा कॉम्प्युटरवाला कुठलाही सुटा भाग वांग्यासारखा हातात तोलून बघे.

"हलका लागून राह्यला जी," तो म्हणाला.

मी स्टिकरवरचे साडेचारशे वॅट दाखवून त्याला गप्प केलं. आठवड्यात धूर निघाला. हार्ड डिस्कही गेली.

मग तो न बोलावता रोज यायचा, डिस्क जोडून, कानाशी धरून ती फिरते का ते ऐकत बसायचा. शेवटी त्याने ती स्वतःच्या रुमालात गुंडाळून माझ्या हातात ठेवली.

"पण साडेचारशे लिहिलं होतं," मी पुटपुटलो.

बाबा म्हणाले, "मंग तो स्टिकरच लाव फ्रेम करून, तुह्या मायच्या जागी."